लिपस्टिकला छिद्रं पडतात तेव्हा

घरी साच्यात ओतलेल्या लिपस्टिकच्या कांडीच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि मधोमध पोकळी, हे दोन वेगळे आजार आहेत. पोकळी बहुधा हवेची नसते. मेण थंड होताना आकसतं, त्याचा तो खड्डा. साचा काठोकाठ भरून वर थोडा फुगवटा ठेवा, बाकीचं नंतर कापून टाका.

छिद्रांचं मूळ मात्र बरेचदा रंगात असतं. कोरडी पूड थेट वितळलेल्या मेणात टाकली की कणांमध्ये अडकलेली हवाही आत जाते. आधी एक भाग रंग, दोन भाग एरंडेल असं खलात घोटून घ्या. एरंडेल घट्ट, हवा लवकर सोडत नाही, म्हणून ते वाटण रात्रभर झाकून ठेवलेलं बरं. मिक्सर नको, चपट्या चमच्याने तळाशी हळू फिरवायचं.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नौबा (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं कडक मेण) ८२च्या पुढे. सगळं विरघळलं की ढवळणं बंद, आणि मंद आचेवर दहा मिनिटं तसंच राहू द्या. बुडबुडे आपसूक वर येतात. मी इथेच घाई करायचे आणि मग डझनभर कांड्या पुन्हा वितळवत बसायचे!

साचा कोमट हवा. थंड धातूला लागताच मेण गोठतं, हवा तिथेच कोंडते. साचा तिरका धरून कडेने बारीक धार सोडा, मग ओट्यावर दोनतीनदा हलकेच आपटा. आणि हो, मेणाचं भांडं उकळत्या पाण्यावर ठेवून वितळवत असाल, तर खालच्या पाण्याची वाफ भांड्यात पडू देऊ नका.