प्रवासी असलेल्याने मन गुंतवू नये का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो. आपण या जगात परके व प्रवासी आहोत आणि आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, असे पवित्र शास्त्र सांगते. मग घर, नोकरी, मुलांचे भवितव्य, उद्याची तरतूद यांत जीव गुंतवणे हा अविश्वास ठरतो का? हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. तरीही वचने दाखवून त्यांना लगेच उत्तर देणे मी टाळते, कारण ‘आपण इथले नाही’ हे वाक्य एकाच्या तोंडी आशेचे असते, तर दुसऱ्याच्या तोंडी धास्तीचे, आणि ते कोणत्या मनातून आले आहे हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर भलत्याच जागी लागते. पुढे सांगितलेल्या अनुभवातील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या आसपासचे एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहावरून तिच्यासह आले होते. भाड्याच्या नव्या घरात येऊन बरेच महिने उलटले होते, तरी पुस्तकांचे व भांड्यांचे खोके दोरी न सोडता तसेच पडून होते. भिंतीवरचे घड्याळ कपाटाला टेकवून जमिनीवर ठेवलेले होते. त्यासाठी एक खिळा ठोकायलाही ते तयार नव्हते, आणि त्यांची धाकटी मुलगी वेळ पाहायची झाली की उकिडवी बसून पाहत असे. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकण्याचा विषय निघाला की ते शांतपणे म्हणत, “हे सगळे नाहीसे होणारे आहे.” पत्नी मला म्हणाली, “ताई, हे जे म्हणतात ते मीही मानते. पण हे म्हणू लागले की मला घरात एकटीच आहे असे वाटते.” पत्नी स्वतः विश्वासात खंबीर होती, त्यामुळे तिच्या या बोलण्याला मी फार महत्त्व दिले.

हे बोलणे केव्हापासून सुरू झाले, असे मी त्यांना विचारले. बराच वेळ थांबून त्यांनी वडिलांच्या मृत्यूविषयी सांगितले. वडिलांनी आयुष्यभर राबून घर बांधले होते आणि त्यात पुरते स्थिरस्थावर होण्याआधीच ते अचानक गेले. दफनविधीच्या वेळी भेटणाऱ्या प्रत्येकाने ‘ते प्रभूजवळ गेले, रडू नका’ असे सांगितले, आणि आज्ञाधारक मुलाप्रमाणे ते रडले नाहीत. स्वर्गाची ओढ वाटते असे ते म्हणत असल्यामुळे त्यांची झोप, भूक आणि कामातील लक्ष यांची मी चौकशी केली, आणि जगणे नकोसे वाटते का, स्वतःचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. विश्वासाच्या भाषेआड लपलेले नैराश्य न विचारता राहून गेले तर मात्र अनर्थ होऊ शकतो. तसा विचार त्यांच्या मनात नव्हता. असता, तर त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले असते, आणि त्यात विश्वासाची कसलीही उणीव मी मानली नसती.

पुढच्या भेटींत आम्ही बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तेविसावा अध्याय सावकाश वाचला, कारण ते स्वतःच वारंवार त्यातल्या अब्राहामाचा दाखला देत असत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहाम तंबूंत राहून पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता असे म्हटले आहे, आणि तेवढेच त्यांनी मनाशी धरले होते. उत्पत्तीत मात्र त्याची पत्नी सारा १२७ वर्षांची होऊन मरण पावते तेव्हा अब्राहाम प्रथम तिच्यासाठी शोक करतो, रडतो. नंतर उठून तो हित्ती लोकांना सांगतो की मी तुमच्यामध्ये परका व उपरी आहे, आणि लगेच कबरस्तानासाठी जागा मागतो. जागेचा मालक एफ्रोन ती फुकट देऊ करतो, पण अब्राहाम ४०० शेकेल रुपे व्यापाऱ्यांच्या चलनी वजनाप्रमाणे तोलून देतो. शेत, त्यातली गुहा आणि हद्दीवरची झाडेसुद्धा त्याच्या नावे झाली, इतक्या बारकाईने तो व्यवहार नोंदलेला आहे. परकेपणाची कबुली देणारा माणूसच येथे रडतो, पूर्ण किंमत मोजतो आणि जागा पक्की करतो.

ते वाचून झाल्यावर गृहस्थ म्हणाले, “तो रडला हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.” मग मी एकोणचाळिसाव्या स्तोत्राचे बारावे वचन काढले. तेथे स्तोत्रकर्ता स्वतःला पूर्वजांप्रमाणे उपरी व प्रवासी म्हणवतो, आणि त्याच श्वासात, माझे अश्रू पाहून स्तब्ध राहू नकोस, अशी देवाची विनवणी करतो. ते वचन त्यांनी मोठ्याने वाचायला घेतले, पण त्यांना ते पुरे करता आले नाही. त्या दिवशी आम्ही दुसरा कोणताही विषय काढला नाही. वडिलांविषयी ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले.

घराविषयीचे बोलणे त्यानंतरच होऊ शकले, आणि तेव्हा यिर्मयाच्या ग्रंथाचे दोन अध्याय उपयोगी पडले. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलास नेलेल्या यहूदी बंदिवानांची दोन वर्षांत सुटका होईल, असे हनन्या नावाचा संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता. त्यावर भरवसा ठेवणाऱ्या बंदिवानाला बाबेलात काही उभारावेसे का वाटेल? संदेष्टा यिर्मयाने मात्र बंदिवानांना पत्र पाठवून ७० वर्षांचा काळ सांगितला आणि देवाच्या नावाने आज्ञा दिली की घरे बांधा, मळे लावून त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहून त्यासाठी प्रार्थना करा. परत जाण्याचे वचनही त्याच पत्रात आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा रोखही मला असाच दिसतो: वाचकांना प्रवासी व परदेशवासी म्हटल्यावर थोडे पुढे तो पतींना पत्नीशी समजुतीने व मानाने राहण्यास सांगतो. हे मी त्यांच्यासमोर मुद्दाम वाचले, कारण तिचे एकटेपण हा त्यांच्या विश्वासाबाहेरचा प्रश्न आहे असे त्यांना वाटू लागले होते.

त्यांची एक शंका रास्त होती. “मग जगावर प्रीती करू नका असे योहान का लिहितो?” आपल्या पहिल्या पत्रात त्याच ठिकाणी योहान पुढे देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी अशी त्या जगाची ओळख देतो, मुलीच्या शाळेची फी त्यात बसते असे मला वाटत नाही. शंका येईल तेव्हा दोन गोष्टी तपासाव्यात, असे मी त्यांना सुचवले: ही वस्तू गेली तर माझा देवावरचा भरवसा तिच्याबरोबर जाईल का, आणि ती नाकारताना त्याची किंमत मी स्वतः मोजतो आहे की माझ्या घरच्यांना मोजायला लावतो आहे? त्यांच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक झोंबला, आणि त्याचे उत्तर त्यांनी मला न देता पत्नीकडे वळून दिले.

खोके उघडले गेले, घड्याळ भिंतीवर लागले, मुलीच्या नावे दरमहा काही रक्कम ठेवण्याचे ठरले. स्वतःचे घर घ्यावे की नाही यावर मात्र दोघांचे अजून एकमत नाही. कर्ज काढून घर घेणे गृहस्थांना नको आहे, आणि आयुष्यभर भाड्याच्या घरात राहण्यात मलाही काही गैर दिसत नाही. अब्राहामाने कबरीची जागा घेतली, तरी राहिला तो तंबूतच. आता ते आपले कारण आकडेमोडीसह पत्नीसमोर मांडतात, ती प्रतिवाद करते, आणि निर्णय होईपर्यंत विषय खुला ठेवण्यास दोघे राजी आहेत.