बोकडाचा आख्खा गुर्दा मायक्रो-सीटीसाठी कसा तयार करावा?

तुम्ही लिहिलंय की खाटकाकडून आणलेला गुर्दा फॉर्मॅलिनमध्ये (ऊती सडू न देणाऱ्या द्रवात) ठेवून मायक्रो-सीटीवर, म्हणजे क्ष-किरणांनी आतलं बारीक त्रिमितीय चित्र काढणाऱ्या मशीनवर, स्कॅन करून घेतला, तर चित्रात जागोजाग काळे ठिपके आले आणि कडा दुहेरी दिसल्या. आता दुसरं, भारी मशीन शोधावं का?

नका शोधू. काळे ठिपके म्हणजे हवा, आणि दुहेरी कडा म्हणजे स्कॅन चालू असताना गुर्दा जागेवरून सरकला. दोन्ही भानगडी बरणीतल्या आहेत. मी धुळ्यात ऊतींच्या नमुन्यांचंच काम करतो. आमच्याकडे येणारी निम्मी रड हवेचीच असते.

सुरुवात खाटकापासून करा. गुर्द्याला चीर पडू देऊ नका आणि धमनीचा देठ लांब ठेवायला सांगा. त्या धमनीत बारीक नळी बांधून आधी सलाइन सोडा, मग फॉर्मॅलिन. बाटली गुर्द्यापासून मीटरभर उंच टांगली की साधारण 75 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळतो, तेवढा पुरे. नळीत एकही बुडबुडा नको. गर्द तांबडा गुर्दा देठाकडून फिकट होत जातो. जिथे लाल डाग उरतो तिथे रक्त अडकलंय असं समजा. नुसता बुडवून ठेवला तर फॉर्मॅलिन तासाला फार तर मिलिमीटरभर आत जातं, पुढे त्याहून हळू, आणि आपल्याकडच्या 44-45 अंशांत तोवर आतला भाग सडायला लागतो. द्रव गुर्द्याच्या दहापट तरी घ्या.

मग अल्कोहोल. 50, 60, 70 टक्के असं टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यात काही दिवस. एकदम 70 मध्ये टाकलात तर गुर्दा आक्रसतो. 70 टक्के अल्कोहोलची घनता 0.88 च्या आसपास, ऊतीची 1 च्या थोडी वर. हे अंतर वाढलं की क्ष-किरणांना ऊती उठून दिसतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावर) 2021 पासून गाजलेली आख्ख्या मानवी अवयवांची चित्रं याच वाटेने काढली आहेत, कुठलाही रंग न देता: आधी सगळा अवयव सुमारे 20 मायक्रॉनवर, मग हव्या त्या जागी मायक्रॉनच्या आसपास.

आता खरं काम. पाणी आणि अल्कोहोल एकमेकांत मिसळताना विरघळलेली हवा बाहेर पडते, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर निर्वात करायचं. बरणी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून घेता येणाऱ्या जाड काचेच्या बंद भांड्यात, ठेवून पंप हळूहळू लावा आणि गुर्द्याकडे बघत बसा. देठातून, सुरकुत्यांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते, ती हवा. आख्खा द्रवच खदखदायला लागला तर ती हवा नव्हे, अल्कोहोल उकळतंय. लगेच दाब थोडा वाढवा. खानदेशातली गोम इथे आहे. मे महिन्यात 40 अंशांच्या खोलीत अल्कोहोल इतक्या लवकर उकळतं की हवा निघण्याइतकी पोकळी करताच येत नाही. बरणी आधी फ्रिजमध्ये थंड करा, काम सकाळी उरका. नळाच्या धारेने हवा खेचणारा ॲस्पिरेटर स्वस्त पडतो खरा, पण उन्हाळ्यात नळाला पाणी कुठे असतं! पंप अल्कोहोलची वाफ सोसणारा डायफ्रामचा घ्या, आणि जवळपास ठिणगी नको.

हालचाल थांबवायला अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली जेलीसारखी गोठणारी पूड. पण अगर 70 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात, लिटरला 15-20 ग्रॅम, उकळून थापा, सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि ते तुकडे गुर्द्यासारखेच टप्प्याटप्प्याने अल्कोहोलमध्ये मुरवा. बरणीत खाली तुकडे, मध्ये गुर्दा, वर पुन्हा तुकडे, सगळं हलक्या हाताने दाबून. फटींत द्रव हवा, हवा नको. मग शेवटचं निर्वात. बरणी काठोकाठ भरून झाकण लावा. स्कॅनआधी बरणी काही तास मशीनच्याच खोलीत ठेवा, नाहीतर तापमान बदललं की आतलं सगळं परत सरकतं.

एक अडचण मात्र राहते. साध्या मायक्रो-सीटीत नुसत्या अल्कोहोलवर मऊ ऊतींचा फरक बेताचाच दिसतो, तिथे लुगॉल आयोडीन, म्हणजे ऊतींना रंग देणारं आयोडीनचं पाण्यातलं द्रावण, लागतं. साधं लुगॉल वेळ जाईल तसं आम्लधर्मी होतं आणि गुर्दा आक्रसतो, म्हणून बफर (आम्लता वाढू न देणारं मिश्रण) घातलेलं वापरा. द्रवाचा तांबूस रंग फिका पडला की बदला, नाहीतर बाहेरची साल रंगते आणि गाभा कोरा राहतो. नंतर रंग काढायचा असेल तर फोटोवाल्यांचा हायपो (सोडियम थायोसल्फेट) चालतो. आयोडीन द्यायचं तर अल्कोहोलच्या आधी.

अपेक्षाही बेताने ठेवा. क्ष-किरण टिपणारा डिटेक्टर 2000 पिक्सेल रुंद आणि बरणी 60 मिलिमीटरची असेल, तर एकेक पिक्सेल 30 मायक्रॉनचा. नेफ्रॉनच्या (गुर्द्यातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या) नळ्या त्यात दिसणार नाहीत. त्यासाठी इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनच्या इमेजिंग बीमलाइनकडे (चित्र काढायच्या केंद्राकडे) विचारता येईल, नमुना केवढा चालतो ते आधी कळवून. धुळ्याहून मुंबई-आग्रा हायवेने जाताना बिजासन घाटात बरणी उभीच राहील अशी बांधा आणि आईसबॉक्समध्ये न्या. उन्हात अल्कोहोल फुगून झाकणातून गळतं आणि ते ज्वलनशील आहे, तेव्हा एसटीने तर नकोच.

तुमच्या मशीनचा डिटेक्टर किती पिक्सेलचा आणि बरणी केवढी, ते कमेंटमध्ये लिहा. मग आयोडीन किती दिवस ठेवायचं ते सांगतो.