घरी न्यायचं असेल तर ‘डामा’वर सही करू नका, रीतसर डिस्चार्ज मागा

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचा पॅनक्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, केमो थांबवली आहे. पुण्यातले डॉक्टर आयसीयूत हलवू म्हणतात, मिस्टर स्वतः साताऱ्याला घरी न्या म्हणतात आणि सासरची मंडळी ‘प्रयत्न सोडू नका’ म्हणून मागे लागलीत. माझ्या बायकोला ओव्हरीचा कॅन्सर होता. आम्ही अगदी याच पेचात होतो, म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

घरी न्यावं की नाही यावर फार बोलत नाही. ते शुद्धीवर आहेत, स्पष्ट सांगताहेत आणि शुद्धीतल्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. फक्त हे सासू-सासऱ्यांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या, डॉक्टरांसमोर. तुम्ही निरोप पोचवू नका. नाहीतर पुढे ‘सुनेनंच घरी आणलं’ हे तुमच्या माथी येईल.

माझं खरं सांगणं डिस्चार्जच्या कागदाबद्दल आहे. घरी नेतो म्हटलं की पुष्कळ ठिकाणी एक छापील फॉर्म पुढे करतात: ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, नातेवाईकांच्या जबाबदारीवर’. यालाच डामा म्हणतात. आमच्या हॉस्पिटलनं, नाव लिहीत नाही, दुसरा पर्याय असतो हे सांगितलंच नाही. डिस्चार्जच्या समरीत ‘नातेवाईकांच्या विनंतीवरून’ एवढी एक ओळ. दुखण्यासाठी साधी गोळी, पुढे कुणाला दाखवायचं ते कोरं. रात्री तिचं पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, कुशीवर वळता येईना, उशीच्या अभ्र्याचा कोपरा दातात घट्ट धरून पडली होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘सल्ल्याविरुद्ध आणलंय, मी हात कसा लावू?’ हॉस्पिटलला फोन केला तर ‘पेशंट आता आमच्याकडे नाही’. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे उपचार घेतले, त्यांचं हे उत्तर! आजार तिला नेणारच होता, पण ते हाल आजारानं केलेले नव्हते, त्या कागदानं केले होते. अजूनही आठवलं की जीव जळतो.

म्हणून उद्या राऊंडला मोठे डॉक्टर आले की त्यांनाच सांगा, काउंटरवर नको: ‘आम्हाला पॅलिएटिव्ह केअरसाठी घरी जायचंय, तसा डिस्चार्ज द्या.’ पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी. समरीत निदान, आजार कुठवर पसरलाय, घरी नेण्याचा निर्णय पेशंटशी बोलून झालाय हे, आणि दुखणं, उलटी, धाप, बेचैनी यांवरची औषधं डोससकट लिहून घ्या. हृदय थांबल्यास सीपीआर (छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न) नको हेही त्यांच्याशी बोलून नोंदवता येतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) त्यावर २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यामुळे ‘असं काही नसतं’ म्हणाले तर मागे हटू नका.

मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, पुण्यातच हातात पडल्याशिवाय निघू नका. नेहमीच्या मेडिकलवर ते बहुधा मिळत नाही, बहुतेक वेळा मान्यता असलेल्या संस्थांतच मिळतं. २०१४ साली कायदा बदलून सोपं केलं, तरी गावाकडे अजून मारामार आहे. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या साधारण दर चार तासांनी असतात, दुखायची वाट न बघता घड्याळ लावून द्यायच्या. पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच, नाहीतर बद्धकोष्ठाचे वेगळे हाल. ‘व्यसन लागेल’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे साफ दुर्लक्ष करा. गिळता येईनासं झालं की कातडीखाली बारीक सुई ठेवून औषध देतात, नर्सकडून आधीच शिकून घ्या.

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, सेवा मोफत आहे. निघण्याआधी तिथे फोन करा, शक्य झालं तर दोघांनी दाखवूनच पुढे जा. साताऱ्याच्या सिव्हिलमध्येही पॅलिएटिव्हची सोय आहे का ते विचारा.

लिव्हिंग विलचं, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचं, तुम्ही विचारलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. सही करण्याइतकी ताकद असेल तर करून घ्या, पण त्यासाठी घरी जाणं लांबवू नका.

घरी गेल्यावर खाण्यावरून भांडणं होतील. ‘उपाशी मारताय का, सलाइन तरी लावा’ हे आम्हीही ऐकलं. शेवटी शेवटी भूक शरीरच बंद करतं, आणि त्या अवस्थेत सलाइननं अनेकदा सूज आणि घशातली घरघर वाढते. ओल्या कापसानं ओठ-जीभ ओली ठेवा, मागितलं तर चमचाभर द्या. सासूबाईंना हेच काम द्या, त्यांच्या हातालाही काहीतरी हवं असतं. एअर बेड भाड्यानं मिळतो, विकत घेऊ नका.

आणि एक गोष्ट, लिहायला जड जातंय. साताऱ्यातला एखादा डॉक्टर आजच ठरवा, जो अधूनमधून घरी येऊन बघेल आणि वेळ आली की मृत्यूचं प्रमाणपत्र देईल. घरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ असतो. आधी न तपासलेल्या माणसाचं प्रमाणपत्र द्यायला डॉक्टर कचरतात, आणि त्याशिवाय स्मशानाचा पास अडतो, कधी पोलिसांपर्यंत जातं. रीतसर समरीची एक प्रत त्या डॉक्टरांकडे आधीच देऊन ठेवा. हे काम दिराला सांगा, तुम्ही मिस्टरांजवळ थांबा.