इन्सुलिन तयार करणारी पेशी परिपक्व कधी होते?

प्रश्न : मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी इन्सुलिन बनवतात, तरीही त्यांना 'अपरिपक्व' म्हटले जाते. इन्सुलिनचे जनुक चालू झाले की काम पूर्ण होत नाही का? – एक वाचक

उत्तर : नाही. इन्सुलिन बनवणे हा कामाचा अर्धाच भाग आहे. रक्तातील ग्लुकोज वाढल्यावरच ते सोडायचे आणि ग्लुकोज कमी असताना रोखून धरायचे, हा विवेक बीटा पेशीत, म्हणजे स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत, जन्मानंतर हळूहळू येतो. नवजात उंदराच्या बीटा पेशी ग्लुकोज कमी असतानाही इन्सुलिन सोडतात.

या बदलामागे जनुकांचे नियमन असते. पीडीएक्स-१ आणि एनकेएक्स ६.१ यांसारखी नियामक प्रथिने डीएनएला जोडली जाऊन बीटा पेशीची ओळख ठरवतात. उंदरात गर्भावस्थेतील बीटा पेशींत मॅफ-बी हे असेच एक नियामक प्रथिन असते आणि जन्मानंतर त्याची जागा मॅफ-ए घेते. माणसाच्या प्रौढ बीटा पेशींत मात्र दोन्ही आढळतात, म्हणून उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

माझ्या मते याहून महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी बाब म्हणजे काही जनुके कायमची बंद होणे. पेशीत ग्लुकोजचे विघटन होणे हाच बीटा पेशीसाठी इन्सुलिन सोडण्याचा इशारा असतो. त्या विघटनाची सुरुवात करणारे हेक्झोकायनेज-१ हे एन्झाइम अगदी थोड्या ग्लुकोजवरही पूर्ण वेगाने काम करते. ते बीटा पेशीत चालू राहिले, तर उपाशीपोटीही इन्सुलिन बाहेर पडेल. म्हणून उंदरात जन्मानंतर त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मेथिल गट (डीएनएला जोडले जाणारे छोटे रासायनिक गट) बसवून ते गप्प केले जाते आणि ग्लुकोज मोजण्याचे काम ग्लुकोकायनेज या दुसऱ्या एन्झाइमकडे राहते, ज्याचा वेग रक्तातील ग्लुकोजच्या नेहमीच्या चढउतारांप्रमाणे बदलतो.

असे जनुक बंद झाले नाही तर काय होते, हे एका दुर्मीळ आनुवंशिक विकारातून दिसते, ज्याचे कारण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडले. पायरुव्हेट आणि लॅक्टेट हे ग्लुकोजच्या विघटनातून बनणारे पदार्थ पेशीत नेणाऱ्या एमसीटी-१ या वाहक प्रथिनाचे जनुक निरोगी बीटा पेशीत बंद असते. या रुग्णांमध्ये ते प्रथिन स्वतः निर्दोष असते, पण जनुकाच्या नियंत्रक भागातील बदलामुळे ते चालूच राहते. परिणामी जोरदार व्यायामात स्नायूंतून रक्तात आलेले पायरुव्हेट बीटा पेशीत शिरते, इन्सुलिन अवेळी सुटते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

२०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डग्लस मेल्टन यांच्या गटाने मानवी मूळ पेशींपासून ग्लुकोजला प्रतिसाद देणाऱ्या बीटासदृश पेशी तयार केल्याचे जाहीर केले, आणि ती मोठी मजल होती. तरीही अशा पेशींचा प्रतिसाद प्रौढ पेशींहून कमी पडतो, मॅफ-ए पुरेसे नसते, आणि त्या उंदराच्या शरीरात रोपण केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत अधिक परिपक्व होतात. शरीरातील कोणते संकेत हे घडवून आणतात आणि ते प्रयोगशाळेतच कसे देता येतील, यावर सध्या काम चालू आहे.