सी-व्ह्यू प्लॉट, सामायिक सातबारा आणि गोव्यातलं शेत

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात आयटीत आहे. दापोली तालुक्यात एका स्कीममध्ये ५ गुंठ्यांचा प्लॉट बघितला, बीचपासून फक्त दीडशे मीटर, समोर समुद्र. एजंट म्हणतो एनए (बिगरशेती परवानगी) प्रोसेसमध्ये आहे, शेतकरी दाखल्याचं तो बघून घेईल, सागरी महामार्गाचे पूल झाले की भाव डबल. बुकिंगला ५१ हजार मागतोय. देऊ का? (आमच्या घरात कुणाचीच शेती नाही.) – एक वाचक, पुणे

उत्तर: नका देऊ दादा. आणि दिले असतील तर पावती, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सगळं जपून ठेवा.

आधी दीडशे मीटरचं बघू, कारण तुम्हाला जे सगळ्यात भारी वाटतंय तीच खरी अडचण आहे. २०१९ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केलेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी, आणि त्याहून विरळ वस्ती असेल तिथे २०० मीटर. दापोलीकडची किनाऱ्याची गावं कुठल्या भागात येणार हे तुम्हीच सांगा. या पट्ट्यात शेती करा, बाग लावा, आधीचं अधिकृत घर असेल तर आहे त्याच जोत्यावर दुरुस्त करा. जुन्या कोळी कुटुंबांना १०० ते २०० मीटरमध्ये राहतं घर बांधायला थोडी सवलत आहे, पण ती त्यांच्यासाठी, वीकेंडला येणाऱ्या पुणेकरासाठी नाही.

आणि हे मीटर मोजायचे कुठून? उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेपासून. एजंट साइट व्हिजिट नेहमी ओहोटीला ठेवतो हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू पण येत नाही. ओहोटीला पुळण लांबच लांब दिसते, मग पावलं टाकून दाखवतात की बघा साहेब किती लांब आहे समुद्र. त्याच जागी अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीला जाऊन उभे राहा आणि लाटेने आणून टाकलेल्या काटक्या, थर्मोकोल, जाळ्याचे तुकडे कुठवर आलेत ते बघा. अर्थात डोळ्यांनी बघून नुसता अंदाज येतो. कायद्याने चालते ती किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या १:४००० नकाशावरची रेषा, त्या नकाशावर सर्वे नंबर असतात, तुमचा सर्वे नंबर कुठे पडतो ते त्यावर बघायचं. स्कीमच्या रंगीत लेआउटवर स्विमिंग पूल असतो, गझिबो असतो, भरतीरेषा तेवढी नसते.

बरं समजा प्लॉट २०० च्या पलीकडे सरकवून दिला, तरी ५०० मीटरपर्यंत सीआरझेड आहेच. तिथे घरांना परवानगी आहे ती स्थानिकांच्या पारंपरिक हक्क-वहिवाटीच्या चौकटीत, तळ अधिक एक मजला, उंची ९ मीटर. रिसॉर्टला वेगळे नियम, वेगळी परवानगी. म्हणजे पलीकडे गेलो की मोकळं रान असं अजिबात नाही.

आता शेतकरी दाखला. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "बघून घेतो" म्हणजे कुणाच्या तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवायचं आणि त्यावरून दाखला काढायचा. उद्या चौकशी लागली की व्यवहार बेकायदा ठरतो आणि एजंटचा फोन नॉट रीचेबल. शिवाय ५ गुंठे! २०२३ च्या अधिसूचनेने रत्नागिरी जिल्ह्यात जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे, त्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा स्वतंत्र विकता येत नाही. म्हणून मग चार अनोळखी लोकांची नावं एकाच सातबाऱ्यावर टाकून सामायिक खरेदीखत करतात, आणि त्यातल्या एकाला विकायचं झालं की बाकीच्या तिघांच्या सह्या गोळा करत फिरायचं.

एनए खरंच झालेलं असेल आणि प्लॉटिंग ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर लागतो. तो विचारा. "ही फार्म लँड आहे, रेरा लागत नाही" असं उत्तर आलं तर त्यानेच कबूल केलं ना की तो तुम्हाला शेत विकतोय.

राहता राहिलं "नंतर रेग्युलर होतं सगळं". मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा किनाऱ्यावरचा बेकायदा बंगला सुरुंग लावून पाडला तो आठवतोय ना? तिकडे पैशाची कमी नव्हती.

प्रश्न: ताई, गुहागरजवळ आमचं जुनं चिऱ्याचं कौलारू घर आणि नारळी-पोफळीची वाडी आहे. बाबा गेल्यावर आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण, शिवाय काकांची मुलं, सातबाऱ्यावर तर आजोबांपासूनची नावं आहेत. धाकटा भाऊ त्याचा हिस्सा बिल्डरला द्यायला निघालाय. बिल्डर म्हणतो तुम्ही पण मुखत्यारपत्र द्या, सेकंड होमचा प्रोजेक्ट करू, तुम्हाला दोन रो-हाउस. – एक वाचक, ठाणे

उत्तर: भाऊ, मुखत्यारपत्रावर सही करू नका, आणि त्यात "अपरिवर्तनीय" हा शब्द असेल तर पेनाचं टोपण पण काढू नका. कोकणातल्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात. दहा जणांपैकी सहा जण मुंबईत, एक दुबईत, कुणाला वाटतं जाऊ दे पडीकच आहे, आणि एका कागदावर पूर्ण वाडी दुसऱ्याच्या ताब्यात.

भावाचा हिस्सा विकला जाण्याआधी तुम्हा भावंडांच्या हातात दोन गोष्टी आहेत. वडिलांकडून वारसाने तुम्हा तिघांना एकत्र आलेल्या मिळकतीतला हिस्सा एकाने विकायला काढला तर तो आधी घ्यायचा हक्क उरलेल्या दोघांना आहे, हिंदू वारसा कायद्याचं कलम २२, आणि हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. दुसरं, घर एकत्र कुटुंबाचं राहतं असेल तर हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला तुमच्या माजघरात येऊन बसता येत नाही, त्याला आधी वाटप मागावं लागतं. म्हणून तो तुमच्याही सह्या मागतोय, उगाच नाही.

बहिणीला आणि असतील तर आत्यांनाही धरूनच चला. "त्यांची लग्नं झाली" हे कारण आता कुठेच चालत नाही, आणि हक्कसोड लिहून घ्यायचीच असेल तर ती खरंच मनापासून देतेय ना ते बघा, राखीच्या दिवशी कागद पुढे करणारे भाऊ मी पाहिलेत.

आता कामाचं. आधी वारस नोंदी पूर्ण करा, मग सगळे तयार असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहमतीने वाटप आणि मोजणी. सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" रकाना नीट वाचा. कुळाची नोंद, जुना बोजा, विहिरीचा हक्क, शेजाऱ्याची पाणंद, सगळं तिथे सापडतं. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर विक्रीला कलम ४३ आडवं येतं, पण २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे खरेदीचं प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून विकता येते, आणि आकार रुपयांतच असतो म्हणून ही रक्कम फारच किरकोळ निघते. हे माहीत नसल्यामुळे लोक एजंटला "परमिशनचे" लाखभर देतात, मला तर कमाल वाटते.

घराचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे, विकू नका, भाड्याने द्या. जांभ्याच्या भिंती, ओटी, पडवी असलेलं घर आज सिमेंटच्या रो-हाउसपेक्षा जास्त चालतं. कौलं शाकारून घ्या, संडास-बाथरूम नीट करा आणि चालवणाऱ्याला ठरावीक वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून द्या, मुदत संपली की घर तुमचं. भावाला पैशाची नड असेल तर त्याचा हिस्सा तुम्ही दोघांनी मिळून हप्त्याने घ्या, पण तेही नोंदणी करूनच.

प्रश्न: आम्ही कोळी, हर्णैला घर आहे, घरपट्टी आजोबांच्या नावावर. मुलगा म्हणतो होमस्टे करू. एक जण तीन मजली बांधून द्यायला तयार आहे, वरचे मजले त्याचे. – एक आई

उत्तर: मावशी, मुलाचं बरोबर आहे, त्या माणसाचं नाही. २०१९ चे नियम किनाऱ्यावरच्या स्थानिकांना आहे त्या घरात होमस्टे करू देतात, फक्त घराचं जोतं आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. तीन मजले उभे केले की तीच सवलत गेली, वर नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने, बांधणाऱ्याच्या नाही.

घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घराच्या कर आकारणीचा उतारा) म्हणजे मालकी नव्हे हे लक्षात ठेवा. गावठाणात ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा, नसेल तर अर्ज करा, आणि हे आधी करा, गिऱ्हाईक नंतर. भाव वाढायला लागले की कोळीवाड्यातली जाळी सुकवायची जागा "मोकळी" म्हणून कुणाच्या तरी नकाशात जाते, तिची नोंद आहे का तेही ग्रामपंचायतीत बघून ठेवा. आणि खोल्या दोनच असल्या तरी जेवणात ताजं म्हावरं असेल तर लोक येतात, तिसरा मजला कुणी विचारत नाही.

प्रश्न: गोव्यात शेत घेऊन झोन बदलून व्हिला बांधता येतो म्हणे? – कोल्हापूर

उत्तर: घाई नको. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमातून असे झोन बदल होत होते, मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियमच रद्द केले. भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला ती विकायलाच बंदी आहे. गोव्यात जायचंच असेल तर आधीपासून सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरलेल्या भागात, असलेलं जुनं घर बघा.