आधी वहीचं पान शिव

शिलाई मशीन शिकतेयस, तर ब्लाउजची घाई नको गं माय. आठवडाभर जुनी सुई लावून, बिनधाग्याची, वहीच्या रेघांवरून टीप मार. भोकं रेघेवर पडू लागली की हात बसला समज. मग जळगावच्या फुले मार्केटातून दोन मीटर मांजरपाट आण, रात्रभर भिजव (नवं सुती कापड आटतंच) आणि उशीचा अभ्रा शिव. सुई 14 नंबरची.

खाली गुंता झाला की सगळ्याजणी बॉबिनला (खालच्या धाग्याच्या छोट्या रिळाला) शिव्या देतात; चूक बहुतेक वेळा वरच्या धाग्याची असते. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलूनच धागा ओव, तेव्हाच तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. सुरुवातीला वरच्या-खालच्या दोन्ही धाग्यांची टोकं मागे धरून ठेव. मी धरली नव्हती, नणंदेच्या परकराचा नेफा मशीनने पार चघळला.

आणि कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. पोरांनाही सांगून ठेव.