विंडोज न काढता लिनक्स वापरून बघता येतं का?

येतं, आणि डिस्कला हातही लावावा लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंटची (लिनक्सचा एक प्रकार) आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल, रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, बहुतेकजण इथेच फसतात. पीसी सुरू होताना एफ१२ (काही बोर्डांवर एफ८ किंवा एफ११) दाबून पेनड्राइव्ह निवडा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. थोडं रेंगाळेल, पण तो दोष पेनड्राइव्हच्या वेगाचा.

आवडलं तर विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा. त्याआधी बॅकअप, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की कागदावर. ही की मी एकदा लिहून ठेवली नव्हती. अख्खा रविवार गेला. नंतर विंडोजचं घड्याळ चुकलं तर घाबरू नका, लिनक्स मदरबोर्डवर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं.